अंगभर शेपट्या

आमच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब आहे आणि त्या लॅबची मी ताई आहे. पद म्हणाल तर लॅब टेक्निशियन. पण प्रोफेसर येतात, बदलून जातात, रिटायर होतात, मी तिथेच. तीस वर्षं होत आली. नवीन पोरं पहिल्या आठवड्यात मला घाबरतात, दुसऱ्या आठवड्यात माझी नक्कल करतात आणि तिसऱ्या आठवड्यात ‘ताई, जरा बघा ना’ करत मागे लागतात. माझ्या नाकावर राग असतो, कबूल. पण माझ्या लॅबमध्ये एक काचपट्टी डाग पडलेली सापडणार नाही, हेही सांगून ठेवते.

हे स्वच्छतेचं वेड माहेरचं नाही, सासरचं. ग्वाल्हेरच्या दौलतगंजात आमचं घर. सासऱ्यांचे पूर्वज दरबारच्या पूजाअर्चेसाठी दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. दरबार गेला, घरातले पुरुष बँकेत आणि शाळेत नोकरीला लागले, पण सोवळं काही गेलं नाही. सासूबाई नळाचं पाणी भरायच्या आधी नळ धुतात. म्हणजे आधी नळ, मग कळशी, मग परत नळ, कारण कळशी धुताना हात लागला असतो. लग्न होऊन आले तेव्हा मी पदराआड हसायची. वर्षभरात मीच नळ धुऊन राहिले होते.

मग तेच वेड लॅबमध्ये आलं. काचपट्टी आधी साबणानं, मग आम्लात, मग शुद्ध पाण्याच्या चार धारा, मग स्पिरिट, शेवटी ज्योतीवरून काढायची आणि पुढे चिमट्यानंच उचलायची. पोरं एकमेकांना बजावतात, ‘ताई की स्लाइड है, सोवळे में है, छूना मत.’ मला ऐकू येतं. मनातून बरंही वाटतं.

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. मराठीच, पण आमच्या ग्वाल्हेरची मराठी. वाक्य मराठीत निघायचं आणि पूर्ण होईपर्यंत हिंदी व्हायचं. ‘ताई, मी काल आले होते पर लॅब बंद थी ना.’ पुण्याची माझी नणंद म्हणते, तुम्हा सगळ्यांचंच तसं आहे. असू दे. तिच्या घरात सगळ्यांनी वर्दी घातलेली. पणजोबा संस्थानच्या फौजेत, आजोबा पोलिसात, वडील बाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकातल्या, एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे. पांढरा कोट घालणारी ही पहिलीच. तो कोट ती इतका कडक इस्त्री करून आणायची की बसताना मोडायला नको म्हणून उभीच राहायची.

बाड्यावरच्या बागेतल्या मातीतून तिनं एक जंतू वेगळा काढला होता. त्याच्यावरच तिचं सगळं प्रोजेक्ट. पाण्याच्या थेंबात ठेवला की पोहायचा, आणि काय पोहायचा! सरळ सूर मारायचा, मध्येच थांबून गिरकी घ्यायचा, आणि मग भलत्याच दिशेला पळत सुटायचा. ही मुलगी तासन्‌तास डोळा लावून बसायची आणि आपल्याशीच हसायची.

जंतू पोहतो तो शेपट्यांनी. पुस्तकात कशाभिका म्हणतात, पोरं फ्लॅजेला म्हणतात, सासूबाईंना समजावताना मी शेपट्या म्हणाले तेच मला आवडतं. कुणाला एकच शेपटी असते, एका टोकाला. कुणाला अंगभर असतात, सगळ्या बाजूंनी फुटलेल्या. प्रत्येकीच्या बुडाशी एक इवलीशी मोटर, तिच्यावर ती गरगर फिरते. अंगभर शेपट्या असलेल्याची गंमत अशी, की सगळ्या एकाच बाजूला फिरल्या की मागे गोळा होऊन त्यांची वेणी पडते आणि जंतू सरळ पळतो. त्यातल्या काही उलट्या फिरल्या की वेणी सुटते, जंतू जागच्या जागी कोलांटतो. पुन्हा वेणी पडली की नव्या दिशेनं चालू पडतो. मेंदू नाही, डोळे नाहीत, आणि तरी खाणं असेल तिकडे बरोबर पोचतो. मला याचं अजून नवल वाटतं.

पण या शेपट्या इतक्या बारीक असतात की आमच्या साध्या मायक्रोस्कोपमधून दिसतच नाहीत. त्यांच्यावर आधी टॅनिनचा लेप चढवून त्या जाड करायच्या, मग गुलाबी रंग द्यायचा, तेव्हा कुठे दिसतात. सरांनी, म्हणजे तिच्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शकांनी, परीक्षेला आठ दिवस राहिले असताना तिला सांगितलं, “एका टोकाला शेपटी आहे की अंगभर, त्यावर तुझा जंतू कुठल्या कुळातला ते ठरणार. तू अंगभर लिहिलंयस. कशावरून? रंगवलेली स्लाइड दाखव, नाहीतर ते प्रकरण काढून टाक.”

ते प्रकरण काढलं तर प्रोजेक्टमध्ये राहतं काय? माती आणि मुखपृष्ठ. प्रोजेक्ट नापास म्हणजे सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा. आणि तिला तर भोपाळच्या एका संशोधन प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, निकाल घेऊन महिन्याभरात हजर व्हायचं होतं. उशीर झाला की जागा दुसऱ्या कुणाची. तिचे वडील बँकेच्या दारात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून बसले होते, ‘आमची मुलगी सायंटिस्ट होऊन राहिली आहे.’ हे मला तिनं सांगितलं नाही, त्यांनीच सांगितलं. मी पेन्शनच्या कामाला सासूबाईंना घेऊन गेले होते, तर मलाच धरून सांगत होते.

सर मला म्हणाले, “ताई, आपल्याकडे कित्येक वर्षांत हे कुणाला जमलेलं नाही.”

मी म्हणाले, “मला कुणी सांगितलंच कुठे? शनिवारपर्यंत देते.”

सगळ्या पोरांसमोर म्हणाले. जीभ माझी आधी चालते, डोकं मागून येतं.

पहिल्या दिवशी आम्ही रंगवलं. जंतू दिसले, गुलाबी, ठसठशीत, सुंदर. शेपटी एकही नाही. दुसऱ्या दिवशी लेपाचं मिश्रण ताजं केलं. पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी रंग नवीन आणवला, मिनिटं मोजून ठेवला, श्वास रोखून धुतला. मायक्रोस्कोपखाली पाहते तर सगळे टकले! एकाच्या अंगावर एक केस असेल तर शपथ.

पण स्लाइड मात्र काय देखणी होती. मागे एक कण घाण नाही. कारण माझी पद्धत. जंतू वाढवताना त्यांच्याभोवती त्यांचं खाणं चिकटलेलं असतं, ते रंग धरतं आणि स्लाइड मळकट दिसते. म्हणून मी जंतू आधी धुते. नळीत पाणी घालायचं, जोरात हलवायचं, सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगर फिरवायचं, जंतू तळाला बसले की वरचं पाणी फेकायचं. असं तीन वेळा. मी ही पद्धत भिंतीवर माझ्या अक्षरात लिहून लावली आहे आणि किती तरी बॅचेस ती वाचून पास झाल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती मुलगी हळूच म्हणाली, “ताई, एक बोलू? इतकं धुवायचं कशाला? इतना हिलाते हैं, घुमाते हैं… बेचारों की टूट जाती होंगी.”

मी चाळीस मुलं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, “तू मला शिकवणार? तुझ्या जन्माच्या आधीपासून मी जंतू धुते आहे! घाणेरड्या स्लाइडी करायच्या असतील तर दुसरी लॅब बघ.”

तिचा चेहरा उतरला. “सॉरी ताई” म्हणाली, कोटाची कॉलर नीट केली आणि गेली. मागे कुणी तरी खाकरलं, त्यालाही मी झापलं.

लॅब रिकामी झाली. मी तिथेच बसून राहिले. राग आला की मला काही तरी धुवायला लागतं, म्हणून बेसिन धुतलं. धुता धुता तिचं वाक्य डोक्यातून जाईना. टूट जाती होंगी. मी मनाशी म्हणाले, चल, एकदाचं दाखवूनच टाकू हिला. धुतलेले जंतू थेंबात ठेवते, पोहताना दाखवते, म्हणजे तोंड बंद होईल. खरं सांगते, तिला खोटं पाडायलाच मी तो थेंब ठेवला.

पाहिलं. जंतू होते, भरपूर होते. पण पळत कुणीच नव्हतं. नुसते जागच्या जागी थरथरत होते, पाण्यातली धूळ थरथरते तसे. मग न धुतलेले घेतले, त्याच नळीतले, त्याच दिवसाचे. ते सूर मारत होते, गिरक्या घेत होते, नुसती धमाल. पुन्हा धुतलेले पाहिले. मेल्यासारखे. पुन्हा न धुतलेले. चार वेळा केलं मी हे. चारही वेळा तेच.

अगोबाई! म्हणजे शेपट्या होत्या. मीच त्या झडवत होते. हलवून, फिरवून, तीन तीन पाण्यांनी धुऊन, मी चांगल्या धडधाकट जंतूंना टकलं करत होते आणि मग विचारत होते की केस कुठे गेले. इतक्या वर्षांत धुतल्यानंतर जंतू पोहतात की नाही हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. पाहणार कशाला? धुतलेली वस्तू ती चांगलीच असणार, यात शंका कसली? आमच्या घरात तरी कुणी घेत नाही.

कपाळाला हात लावून बसले. लाज वाटली, नाही कशाला म्हणू. किती पोरांनी माझ्या पद्धतीनं रंगवून ‘शेपट्या आढळल्या नाहीत’ असं लिहिलं असेल, ते आठवून जास्तच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला बोलावलं. माफी वगैरे मागणं मला येत नाही. मी म्हणाले, “तुझ्या डोक्यात जे आहे ते कर. मी मध्ये बोलणार नाही.”

“खरंच?”

“खरंच म्हणाले ना! आता कर लवकर.”

तिनं काय केलं ते पाहण्यासारखं होतं. नळीत तिरप्या जेलीवर जंतू वाढलेले होते, त्यावर तिनं शुद्ध पाणी सोडलं, नळीच्या आतल्या कडेवरून, थेंब थेंब. ढवळलं नाही, खरवडलं नाही, हलवलंसुद्धा नाही. नळी ठेवून दिली आणि हात बांधून उभी राहिली.

मी न राहवून म्हणाले, “आता काय?”

“आता ते स्वतःच येतील, ताई. तैरना आता है उनको.”

वीस मिनिटं आम्ही उभ्या. पाणी वरून किंचित गढुळलं. जंतू आपणहून पोहत पाण्यात आले होते, कुणी हात न लावता, शेपट्यांसकट. त्यातला एक थेंब तिनं तिरप्या काचपट्टीच्या वरच्या टोकाला ठेवला आणि आपला आपण खाली ओघळू दिला. पसरवला नाही. ज्योतीवर धरला नाही, हवेवर वाळू दिला. माझे हात शिवशिवत होते, पण मी ते कोटाच्या खिशात घालून ठेवले. मग लेप आणि रंग. रंगावर सोनेरी साय धरू लागली तशी तिनं एका बाजूनं पाणी सोडून ती अलगद वाहवली.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं तिनं, आणि डोळा काढेचना.

“अगं, काय?”

ती बाजूला झाली. मी पाहिलं. गुलाबी दांडके, आणि प्रत्येकाच्या अंगातून चहूकडे निघालेल्या बारीक, नागमोडी शेपट्या. फणी न फिरवलेल्या केसांसारख्या, काही दोन जंतूंच्या एकमेकींत गुंतलेल्या. तीस वर्षांत हे मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. मी किंचाळलेच. शेजारच्या वर्गातले सर धावत आले, त्यांना वाटलं आम्ल सांडलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले. वयस्कर, कमी बोलणारे. बोलले ते सगळं हिंदीतच, मी आपल्या मराठीत सांगते आहे. ते प्रकरण उघडून त्यांनी फोटो पाहिले, मग स्लाइड पाहिली, मग चष्मा काढला. “ही कुणी केली?”

ती तोंड उघडणार तेवढ्यात आमचे सर अभिमानानं म्हणाले, “आमच्या ताईंनी. तीस वर्षांचा हात आहे, साहेब.”

त्यांचं मन वाईट नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटत होतं, कारण शनिवारची पैज मी मारली होती आणि स्लाइड शनिवारच्या आत आली होती. मीही त्यांना नंतर काही सांगितलं नव्हतं. आता कबूल करते, मुद्दामच नव्हतं सांगितलं.

परीक्षक म्हणाले, “टेक्निशियननं केलेल्या कामाचे गुण मी विद्यार्थिनीला कसे देऊ?” आणि पेन घेऊन त्या प्रकरणावर तिरपी रेघ मारायला लागले.

मी तिच्याकडे पाहिलं. ती गप्प. मोठ्या माणसांसमोर ‘नाही, मी केली’ म्हणायचं, म्हणजे सरांना खोटं पाडायचं आणि मला छोटं करायचं. तिच्या घरी वर्दीवाल्यांनी हे शिकवलेलं नाही. डोळे जमिनीकडे, हात मागे, सावधानमध्ये उभी. भोपाळ जात होतं तिच्या हातातून आणि ती अदब सांभाळून राहिली होती!

“थांबा!” मी म्हणाले. परीक्षक दचकले, पेन थांबलं. “मी नाही केली ती. मी केल्या त्या कपाटात आहेत, तीन दिवसांच्या, सगळ्या टकल्या. आणून दाखवू? मी जंतू धुऊन धुऊन त्यांच्या शेपट्या तोडत होते. हिनं सांगितलं तर मी हिला लॅबमधून हाकललं. पद्धत हिची, हात हिचा, स्लाइड हिची. माझी फक्त चूक आहे, ती लिहा पाहिजे तर.”

सरांचा चेहरा पडला. माझी मान ताठ होती. खोटं कशाला सांगू, तेवढ्यातही मला वाटलं, वा, काय बोललीस!

परीक्षक तिच्याकडे वळले. “मग आत्ता करून दाखव. माझ्यासमोर. ताई इथे बसतील, बोलणार नाहीत.”

न बोलता बसणं काय असतं ते मला त्या तासात कळलं. तिनं पाणी सोडलं, वाट पाहिली, थेंब ओघळवला. वाळेपर्यंत परीक्षकांनी प्रश्न विचारले, ज्योत का नाही, हलवलं का नाही. ती उत्तरं देत गेली, अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, आणि घाईत काही इंग्रजीतही. लेप घातला, रंग चढला. सोनेरी साय धरली, आणि मला काय झालं कोण जाणे, सवयीनं मी उठले आणि पाण्याची बाटली उचलून स्लाइडकडे हात केला.

“ताई, हात नका लावू!”

कडक आवाज. परेडवर देतात तसा. तीस वर्षांत त्या लॅबमध्ये मला असं कुणी बोललं नव्हतं, प्राचार्यसुद्धा नाहीत. तिनं लगेच जीभ चावली, पण हात स्लाइडवरून हलवला नाही. मी बाटली ठेवून खाली बसले. छाती अशी भरून आली की बस! वाटलं, आता हिला भोपाळला काय, कुठेही पाठवा.

परीक्षक बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग विचारलं, “या डावीकडच्याला किती आहेत?”

तिनं पाहिलं. “सहा दिसतात सर. एक शायद टूटी हुई है. ती मी मोजणार नाही.”

त्यांनी तिरप्या रेघेचा जेवढा तुकडा मारला होता तो खोडला आणि बाजूला सही केली.

निकाल वेळेत लागला. वडील बँकेच्या गणवेशातच पाटणकर बाजारातून पेढे घेऊन लॅबमध्ये आले, आणि दारातच मला कडक सॅल्यूट ठोकला. मी म्हणाले, “अहो, मला कशाला, मी तर नापास आहे!” ते हसले, पण हात खाली घेईनात. भिंतीवरची पद्धत मी त्याच संध्याकाळी उतरवली आणि नवी लिहायला बसले. काचपट्ट्या मात्र अजून तशाच धुते, त्यात काही चूक नाही.

ती भोपाळला गेली त्याला महिना झाला असेल. एक दिवस ऐन प्रॅक्टिकलच्या वेळी फोन आला. आवाज एकदम बारीक, कोपऱ्यात उभी राहून बोलत असावी.

“ताई, यहाँ बड़ी मॅडम आहेत. फार सीनियर. शेपट्यांचं काम आहे, आणि त्या तीन वेळा सेंट्रिफ्यूज करून धुतात. काय करू?”

“काय करू म्हणजे? सांग त्यांना.”

“मी नवी आहे ताई. वो बहुत ग़ुस्सा होंगी.”

“होऊ दे की,” मी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, “मी काय कमी रागावले होते?”